होडीतून काय उतरतं, काय चढतं: खाडीतला जुवा स्वतःच्या पायावर उभा करताना

सकाळची पहिली होडी धक्क्याला लागली की तिच्यातून काय उतरतं, ते महिनाभर वहीत लिहून काढा. सुरुवात एवढीच. आम्ही आमच्या जुव्यावर हे केलं तेव्हा पहिल्या आठवड्यातच मान खाली गेली. तांदळाची पोती, पामतेलाच्या पिशव्या, अंड्यांचे ट्रे, भेंडी, दुधी, अळूची जुडीसुद्धा! आणि रविवारी चक्क बाजारातली मासळी. चारी बाजूंना पाणी आणि बांगडा पलीकडून येतो. परतीच्या फेरीत काय, तर शाळेची मुलं, रिकामे सिलिंडर आणि दोन-तीन पोती नारळ.

खाडीतल्या किंवा नदीच्या पात्रातल्या बेटाला कोकणात आणि गोव्यात जुवा म्हणतात. मालवणजवळच्या कालावल खाडीतला पाणखोल जुवा, गोव्यात मांडवीच्या पात्रातली चोडण, दिवाडी, सांत इस्तेव ही बेटं त्यातलीच. सांत इस्तेवची तर ओळखच ‘शाकेचो जुंवो’, म्हणजे भाजीचं बेट. तिथली सात शिरांची भेंडी गोवाभर नावाजलेली. तेव्हा बेटानं स्वतःचं खाऊन वर पलीकडच्यांना पुरवणं ही नवी कल्पना नाही. मधल्या काळात होडीला इंजिन आलं, पूल झाले, मुंबईची मनीऑर्डर आली आणि आपण ते विसरलो.

खाली लिहिलंय ते अशा खाडीतल्या बेटांसाठी. लक्षद्वीपसारख्या प्रवाळबेटाला यातला बांधाचा आणि भाताचा भाग लागू नाही, पाण्याचा मात्र, पावसाचे आकडे सोडले तर, लागू आहे.

वहीतून गरज काढा

महिनाभराच्या नोंदी झाल्या की प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा: वजन किती आणि दर आठवड्याला येते का. जड आणि नेहमीची वस्तू आधी थांबवायची. साखर, गहू, तूरडाळ, डिझेल यांच्या नादाला लागू नका. ते येऊ द्या. जुव्यावर ऊस लावून गूळ काढायचा प्रयोग एकानं केला होता; त्या गुळापेक्षा सरपणच महाग पडलं.

आता तांदूळ. पाच माणसांचं घर महिन्याला साधारण ४० किलो खातं, वर्षाला ४८० किलो. भातातून दोन तृतीयांश तांदूळ मिळतो असं धरलं तर ७२० किलो भात हवं. खार जमिनीत बेताचं पीक म्हणजे हेक्टरी २५ क्विंटल, गुंठ्याला २५ किलो. म्हणजे घरटी २९-३० गुंठे. जुव्यावर ४० घरं असतील तर १२ हेक्टर भातशेती पुरते. आधी पडीक खाजण, म्हणजे बांधाआडची सखल जमीन, मोजून या, बहुतेक ठिकाणी यापेक्षा जास्तच निघेल.

तेलाचं गणित नारळात करा. लिटरभर खोबरेलाला साधारण दहा नारळ लागतात. महिन्याला तीन लिटर तेल म्हणजे वर्षाला ३६० नारळ, आणि रोज वाटपाला एक म्हणजे आणखी ३६५. खतपाणी बरं असलेला माड ८० नारळ देतो. उंदीर, वांदर आणि पाहुणे धरून घरामागे १२ माड मोजा. अडचण माडांची नाहीच, जिभेची आहे. खोबरेलात केलेली भाजी आता पोरांना ‘डोक्याला लावायच्या तेलाची’ लागते. आमच्याकडे माशाच्या तिखल्यापासून सुरुवात केली, ती चालली.

गोडं पाणी: बोअर मारू नका

जुव्याच्या पोटात गोडं पाणी असतं ते पावसाचं. जमिनीत मुरलेलं हे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ नियम असा, की खाडीच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, तिच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी. कागदावर हे छान वाटतं, पण उलटं वाचून बघा: विहिरीतलं पाणी उपशानं एक फूट उतरलं, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. म्हणून जुव्यावर खोल बोअर म्हणजे स्वतःच्या पाण्यात मीठ कालवणं. आणि बोअर एकाची असते, खारं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत येतं.

विहीर उथळ आणि रुंद ठेवा. मोठ्या पंपानं अर्ध्या तासात उपसण्यापेक्षा लहान पंपानं तीन तास, मध्ये विसावा देऊन उपसा करा. विहिरी बेटाच्या मध्यावर, उंचवट्याखाली असाव्यात. संडासाचे शोषखड्डे त्यांच्यापासून आणि पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या कालवांपासूनही (खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांपासून) लांब हवेत.

पिण्याचं पाणी मात्र छपरावरून धरा. किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावरून, वाया जाणारं धरूनही, २ लाख ४० हजार लिटर पाणी वाहून जातं. पाच माणसांना पिण्या-रांधण्यासाठी माणशी २० लिटर धरलं, तर पाऊस नसलेल्या आठ महिन्यांना २४,००० लिटर पुरतात. म्हणजे छपराच्या पाण्याचा दहावा हिस्सा. फेरोसिमेंटची एवढी टाकी घरटी झेपली नाही तर दोन-तीन घरांत मिळून बांधा, नाहीतर शाळेच्या छपराला जोडा. पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊ नका, कौलांवरची घाण धुऊन जाऊ द्या.

झाडांसाठी जलकुंड: ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल खड्डा, तळाला पेंढा, वर सिलपॉलिन, म्हणजे जाड प्लास्टिकचं कापड. ४,००० लिटर मावतात. वर झावळांचं झाप टाकलं नाही तर मार्चपर्यंत निम्मं उडून जातं.

बांध आणि उघाडी

इथे घाई करू नका. बाकी सगळं चुकलं तर एक हंगाम जातो. बांध फुटला तर शेतात मिठाचं पाणी शिरतं आणि ते धुऊन निघायला दोन-दोन पावसाळे लागतात.

खाजण म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली, बांध घालून खाडीकडून सोडवून घेतलेली जमीन. गोव्यात ही व्यवस्था गावकरीनं, म्हणजे पुढच्या कोमुनिदादींनी, शेकडो वर्षं सांभाळली. बांध चिखलमातीचा, आत पेंढा आणि खांब, लाटा लागतात त्या बाजूला जांभ्या दगडाची पिचिंग. बांधासाठी माती आतल्या बाजूनं उचलायची. तिथे जो खड्डा पडतो त्याला गोव्यात पोंय म्हणतात. शेताचं पाणी आधी या पोंयेत उतरतं, मासळी तिथेच वाढते. एका कामात दोन कामं.

बांधाची उंची ठरवायला इंजिनीअर येईपर्यंत थांबायला नको. खाडीत एक खांब रोवा आणि वर्षभर उधाणाच्या रेघा मारा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास वरून नदीला पूर असताना येणारं उधाण, या दोहोंत जी रेघ सगळ्यात वर असेल तिच्या किमान दोन-तीन फूट वर बांधाचा माथा. माती बसते, त्यामुळे नवीन बांध आणखी थोडा चढा घ्या. दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा. कुर्ल्यांची बिळं हा बांधाचा कर्करोग. बोटाएवढं भोक दोन उधाणांत हातभर होतं आणि तिसऱ्याला खांड पडते. म्हणून प्रत्येक उधाणाला बांधावरून एक फेरी हवीच. ओहोटीच्या वेळी चाला, कारण तेव्हा आतलं पाणी बाहेर पाझरताना दिसतं.

बांधाबाहेरची तिवरं-कांदळं तोडायचा मोह होईल. तोडू नका. लाटेचा जोर तीच मोडतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती तोडायला राज्यभर बंदी आहेच.

आता उघाडी. गोव्यात तिला मानस म्हणतात. बांधाला पोट फोडून केलेली दगडी वाट आणि तिला लाकडी दारं, खाडीच्या बाजूनं टेकतील अशी, किंचित तिरकी लटकावलेली. तिच्यापाशी एकदा सुकती, म्हणजे ओहोटी, संपताना बसून बघा. आतलं पाणी दारं ढकलून खाडीत जात असतं. मग हळूहळू आवाज मंदावतो, पाणी क्षणभर नुसतं उभं राहतं, कचऱ्याची एक काडी दारात गोल फिरत राहते. आणि भरतीचा पहिला दाब आला की दारं धप्प करून आपोआप मिटतात. मोटर नाही, माणूस नाही. दाराच्या कडेला फट राहिली तर आत बारीक कारंजं उडताना दिसतं. ती फट चिखल-पेंढ्यानं तिथल्या तिथे बुजवायची.

या दारातच गावाचं भांडण असतं. सुकतीला उघाडीत जाळं लावलं की कोळंबी, बोय, काळुंदर टोपल्यांनी मिळतात. दारं उघडी ठेवून भरतीचं पाणी आत घेतलं तर आणखी मिळतात, आणि शेतात मीठ येतं. भातवाला आणि जाळंवाला यांचं हित एकमेकांविरुद्ध जातं ते इथे. गोव्यात मानशीच्या मासेमारीचा लिलाव, पावणी, होते आणि त्या पैशातून बांधाची देखभाल व्हावी अशी मूळ मांडणी होती. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. पुढे बऱ्याच ठिकाणी मासळी भारी, भात हलकं झालं आणि खाजणं बुडाली.

त्यातून शिकून नियम कागदावर आणा. आमचे तीन आहेत. जून ते कापणीपर्यंत भात लावणाऱ्यांखेरीज कोणी उघाडीच्या दारांना हात लावायचा नाही, किल्ली त्यांच्याकडे. लिलावाचे निम्मे पैसे बांधाच्या खात्यात, मासळी मिळो न मिळो. आणि ठेकेदार जुव्यावरचाच हवा. तिसरा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलो. बाहेरच्या एकाला ठेका दिला होता, सप्टेंबरात पोटरीला आलेल्या भातात एका रात्री पाणी घेतलं त्यानं. सकाळी शेतात कोळंबी उड्या मारत होती. आठ दिवसांनी लोंब्या पांढऱ्या पडल्या, आत दाणा नव्हता.

महाराष्ट्रात मोठ्या खारबंदिस्त्या खारभूमी विभागाकडे आहेत, १९७९च्या खारजमीन विकास कायद्याखाली. तुमचा बांध त्यांच्या यादीत आहे का ते आधी तपासा. असेल तर परस्पर हात लावू नका. नसेल तर ग्रामसभेचा ठराव आणि श्रमदान.

खार भात

बियाणं मीठ सोसणारं घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे; तिथून आलेल्या पनवेल १, २ आणि ३ या जाती खार जमिनीसाठीच आहेत. गोव्यात जुना कोरगुट आहे आणि तिथल्या केंद्रीय संशोधन संस्थेनं निवडून काढलेल्या गोवा धान मालिकेतल्या जाती. जुना लाल तांदूळ पेजेला लागतोच, त्यामुळे निदान चौथा हिस्सा गावठी बियाणं राखा. नव्या जातीचं बी दरवर्षी होडीतून यायला लागलं तर मग वही कशाला घातली?

खार शेतीचं खरं काम पाऊस करतो. पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवायचं, दोन-तीन दिवस उभं ठेवायचं, मीठ त्यात उतरलं की सुकतीला उघाडीतून सोडून द्यायचं. असं तीनदा तरी. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, उंचावरच्या गोड्या जमिनीत टाका. लावणीला घाई नको, रोप थोडं थोराड झालं तरी चालेल, कोवळ्या रोपाला मीठ आधी मारतं. काही ठिकाणी लावणी न करता मोड आलेलं बी चिखलात फेकतात, तेही चालतं. फक्त त्याआधी पाणी नक्की गोड झालेलं हवं. पाणी धुतलं गेलं का, हे बघायला हल्ली हजार-दोन हजारांत हातात धरायचं क्षारमापक मिळतं. घ्या जरूर. आमच्या शेजारचे आजोबा मात्र बोट बुडवून जिभेला लावतात. “मीठ गेला की नाय ता जिभेक कळता,” म्हणतात. दोन वर्षं मापक आणि जीभ यांची जुळणी करून पाहिली. जीभ कधी चुकली नाही, पण जीभ वारसाहक्कानं मिळत नाही.

कापणी झाली की वरच्या कोपऱ्यांत लगेच नांगरट करा. जमीन तशीच तापू दिली तर खालचं मीठ केशाकर्षणानं वर येऊन पांढरी साय धरते. ढेकळं पडली की ती वाट तुटते. सगळ्यात सखल कोपरे मात्र मासळीसाठी मोकळे ठेवता येतात. केरळात एर्नाकुळमच्या बाजूला पोक्कळी शेतं अशीच चालतात: पावसाळ्यात भात, नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी. भाताची कुजलेली धाटं कोळंबीला, कोळंबीची विष्ठा पुढच्या भाताला. खत नाही, औषध नाही. आपल्याकडे करायचं तर एप्रिलच्या मध्याला खारं पाणी बंद झालंच पाहिजे, म्हणजे जूनचा पाऊस धुवायला मोकळा.

उंचवट्यावरची बाग

इथे फार सांगत नाही, कारण कोकणी माणसाला माड-पोफळी शिकवायची म्हणजे कोकणी माणसाचा अपमान. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रानं रूढ केलेली ‘लाखी बाग’ जुव्याला फार सोयीची. माड साडेसात मीटरवर, मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, माडांवर मिरीचे वेल, कडेला केळी. मसाले वजनाला हलके आणि भावाला भारी, होडीतून न्यायला सोपे. जायफळाला मात्र खारं पाणी अजिबात सोसत नाही. चिकू बराच सोसतो, माड तर सोसतोच.

भाजी घराच्या मागे, सांडपाण्यावर. पालक, बीट, चवळी पोट भरेल इतकी होते. घेवडा मिठाला पटकन मान टाकतो. बियाण्यासाठी पहिल्या तोड्यातली उत्तम भेंडी झाडावरच वाळू द्या. लोक उरलेली, वाकडी भेंडी बियाण्याला ठेवतात आणि मग पाचव्या वर्षी वाण बिघडला म्हणून रडतात.

कोंबड्या गावठीच. कण्या, वाळका जवळा, कुर्ल्यांचं उरलंसुरलं यावर त्या जगतात. ब्रॉयलरचं खाद्य होडीतून येतं.

मासळी: खाद्य कुठून येणार, हा एकच प्रश्न

मत्स्यपालन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर व्हेनामीचे तलाव येतात. २००९पासून ही विदेशी कोळंबी देशात आली आणि तिनं पैसाही आणला. पण जुव्यासाठी हिशोब मांडा: बीज बाहेरचं, खाद्य बाहेरचं, चोवीस तास वीज, आणि माल विकायलाही बाहेर. १९९४-९५च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं टायगर कोळंबीचे तलाव एकामागून एक बसले, ते पाहिलेले लोक अजून आहेत. हे बेटाचं स्वावलंबन होत नाही, बेटावर टाकलेला कारखाना होतो.

म्हणून क्रम खाद्यावरून लावा. ज्याला काहीच घालावं लागत नाही ते आधी, मासळी खाऊन वाढतं ते शेवटी.

पहिली कालवं. कालव पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातं, तुमच्याकडून काही मागत नाही. रिकाम्या शिंपल्यांना भोक पाडून दोरीत पाच-सहा शिंपले, वीतभर अंतरानं, ओवायचे. ओहोटीलाही पाण्यात राहील अशा जागी बांबूचा मांडव करून त्याला या माळा टांगायच्या. पाऊस ओसरून खाडी पुन्हा खारट होऊ लागली की कालवांची पिल्लं शिंपल्यांवर बसायला लागतात. तुमच्या खाडीत नेमकी कधी, हे पुस्तकात मिळत नाही. सप्टेंबरपासून दर पंधरवड्याला एकेक माळ टांगून बघा, जिच्यावर तांदळाएवढे ठिपके दाट दिसतील तो तुमचा मुहूर्त. पुढच्या वर्षी सगळ्या माळा त्याच पंधरवड्यात. सहा-सात महिन्यांत कालव काढणीला येतं. मे संपायच्या आत सगळं काढा, पावसाच्या गोड्या लोंढ्यात ती मरतात. विकण्याआधी दिवसभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून पोट साफ होऊ द्या. खाडीत वरच्या गावाचं गटार येत असेल तर कालवांचा विचार सोडा. शिंपल्यांचा ढीग टाकू नका, भाजून चुना करता येतो. तो पुढे लागणार आहे.

दुसरी पोंयेतली आणि तळ्यातली शाकाहारी मासळी: बोय, काळुंदर. उघाडीतून आलेली पिल्लंच पुरतात, शेवाळ आणि कुजलेल्या पाल्यावर वाढतात. नवं तळं खोदताना एक धोका असतो. तिवरांच्या जागेचा काळा चिखल उघड्यावर वाळला की त्यातलं गंधक आंबट होतं. पहिल्या पावसात कडेनं गंजासारखं तांबडं पाणी उतरलं आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर समजा. तिथे वर सांगितलेला शिंपल्यांचा चुना टाका. आणि पुढच्या वेळी तिवरांची जागा खोदूच नका, कायद्यानं आणि शहाणपणानं दोन्ही अर्थी.

तिसऱ्या कुर्ल्या, रायगडकडच्या चिंबोऱ्या. लहानाच्या मोठ्या करण्यापेक्षा पोकळ कुर्ल्या भरून घेणं सोपं. कात टाकलेली कुर्ली आत पाण्यानं भरलेली असते, तिला भाव नाही. मागच्या पायाच्या मुळाशी अंगठ्यानं दाबून बघा: कवच दबलं तर पोकळ, दगडासारखं लागलं तर भरलेली. अशा पोकळ कुर्ल्या पकडणाऱ्यांकडून स्वस्तात घेऊन एकेका खणाच्या पेटीत ठेवायच्या. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, सकाळी फक्त नांग्या मिळतात. रोज वजनाच्या पाच ते आठ टक्के खाद्य, संध्याकाळी जास्त. मासळीची डोकी, खुबे, उरलेली बोय काहीही चालतं. तीन-चार आठवड्यांत भरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळल्या तर दोन दिवस जिवंत राहतात, म्हणजे होडीची वेळ चुकली तरी माल जात नाही. अंडी धरलेली मादी आणि पाव किलोच्या आतली कुर्ली सोडून द्या. पुढच्या वर्षीचा माल तोच.

शेवटी जिताडा, गोव्यातला चणक. याला भाव सर्वांत चांगला आणि पोट सर्वांत मोठं. बाजारात न चालणारी बारीक मासळी घातली तर किलोभर जिताड्याला पाच ते सात किलो जातात. खाडीत सोडलेल्या जाळीच्या एका पिंजऱ्यात २०० मासे, प्रत्येकी सहाशे ग्रॅम झाले तर १२० किलो माल. त्याला ७०० किलोंहून जास्त मासळी, म्हणजे आठ महिने रोज तीन किलो. जुव्यावर रोज तीन किलो फुकट मासळी कुठे आहे? जितकी आहे तितकेच पिंजरे. आमच्याकडे पहिल्या वर्षी योजनेच्या उत्साहात चार लावले, जानेवारीपासून खाद्य होडीतून आणावं लागलं, आणि त्या वर्षाचा नफा इंधनात गेला. आता एक आहे. बोटुकली, म्हणजे जिताड्याची पिल्लं, बाहेरून आणावी लागतात. तमिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यपालन केंद्रानं जिताड्याचं आणि कुर्लीचं बीज देशात उपलब्ध केलं आहे. ती बोटभर लांबीची तरी घ्या. दर पंधरा दिवसांनी आकारानुसार वेगळी करा, नाहीतर मोठा भाऊ धाकट्याला गिळतो. पिंजऱ्याखाली अगदी खालच्या ओहोटीलाही एक-दोन मीटर पाणी हवं. आणि मे अखेर पिंजरा वर काढा. जिताड्याला गोडं पाणीही सोसतं, पण पुरात वाहून आलेला ओंडका जाळ्याला सोसत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताड्याची पिल्लं पावसाळ्यात शेततळ्यात सोडायची जुनी रीत आहे. उंचावर तळं असेल तर ती उत्तम, खर्च जवळजवळ शून्य.

परवाने, पैसा, विक्री

तलाव, पिंजरा, कालवांचा मांडव, काहीही खाऱ्या पाण्यात करायचं तर किनारी जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते का ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. २००५च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाल्यापासून पिंजरे आणि शिंपलेही त्याच्या कक्षेत आले आहेत. किनारा नियमन क्षेत्राचे नियम आणि कांदळवनापासून ५० मीटरचा पट्टा हे दोन्ही नकाशावर आधी आखून घ्या. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, ते सहसा खर्च झाल्यावर हातात येतं. म्हणून पहिलं वर्ष अनुदानाच्या भरवशावर आखू नका. नोंदणी बचत गटाच्या नावे केली तर बँक लवकर ऐकते.

मासळी सुकवायची तर तीन किलोंना एक किलो मीठ. जवळ जुनं मिठागर असेल तर त्याचे दोन-चार खण पुन्हा उभे करा. जानेवारी ते मे ऊन फुकट आहे. विकताना हलकं, जिवंत आणि वाळलेलं तेवढंच होडीत चढवा: मसाले, कुर्ल्या, सुकी मासळी, कोकमाचं आगळ. नारळ तेल करून पाठवा.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वर्षी फक्त वही, उधाणाचा खांब, टाक्या, बांधाची दुरुस्ती, आणि कालवांच्या चाचणीच्या माळा. एक कोपरा भात. दुसऱ्या वर्षी अर्धं खाजण, कालवांचा मांडव, कुर्ल्यांच्या पेट्या, उघाडीचा पहिला लिलाव. तिसऱ्या वर्षी सखल कोपऱ्यात भातामागून कोळंबी, आणि खाद्य उरत असेल तर एक पिंजरा.

दर मे महिन्यात पुन्हा महिनाभर धक्क्यावर नोंद ठेवा, त्याच वहीत, समोरच्या पानावर. आमच्या चौथ्या मे महिन्यात तांदूळ निम्म्यावर आला, अंडी आणि भाजी जवळजवळ थांबली, पामतेल मात्र तसंच राहिलं. मासळी त्या महिन्यात एकदाच उतरली, एका लग्नाची सुरमई. सुरमई खाडीत मिळत नाही.